लिथियम सेलवर रास्पबेरी पाय

प्रश्न : रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक एका १८६५० लिथियम-आयन सेलवर सुरक्षितपणे चालवता येईल का?

उत्तर : येईल, मात्र सेल थेट जोडू नये. पूर्ण भरलेल्या सेलचा विद्युतदाब ४.२ व्होल्ट असतो व वापरात तो ३ व्होल्टपर्यंत उतरतो, तर या संगणकाला स्थिर ५ व्होल्ट लागतात. म्हणून दाब वाढवून स्थिर ठेवणारा बूस्ट कन्व्हर्टर मध्ये बसवावा लागतो. संगणकाने कमाल ३ अँपिअर मागितले, तर उतरत्या सेलमधून ५ अँपिअरहून अधिक प्रवाह ओढला जातो, ही बाब बहुधा दुर्लक्षित राहते. सेल तेवढ्या क्षमतेचाच हवा.

खरा धोका चार्जिंगचा आहे. प्रचलित टीपी४०५६ मॉड्यूल प्रवाह ठरलेल्या मूल्याच्या एक-दशांशावर आल्यावरच चार्जिंग थांबवते. त्याच वेळी संगणकही सेलवर चालू असेल, तर त्याचा प्रवाह त्यात मिसळून सेल भरल्याचे मॉड्यूलला कळत नाही आणि सेल ४.२ व्होल्टवर ताणलेला राहतो. त्यामुळे चार्जर जोडलेला असताना संगणकाला वीज परस्पर पुरवणारे पॉवर-पाथ मंडल असलेलेच मॉड्यूल घ्यावे. अतिविसर्ग व शॉर्ट सर्किट रोखणारे संरक्षक मंडल अनिवार्य आहे. शून्य अंश सेल्सिअसखाली सेल चार्ज करू नये, आणि फुगलेला सेल तत्काळ वापरातून काढून ई-कचरा संकलन केंद्रात द्यावा.