विंचवाचे झाले दहा हजार

प्रश्न : चिनी लिपी ही चित्रलिपी आहे, असं शाळेत शिकलो. सूर्य, डोंगर, झाड यांची चित्रं काढता येतील. पण ‘ये’, ‘म्हणून’, ‘दहा हजार’ यांचं चित्र कसं काढायचं? आणि हजारो अक्षरं सांभाळत बसण्यापेक्षा चिन्यांनी आपल्यासारखी मुळाक्षरं का घेतली नाहीत?
— एक वाचक, सांगली

उत्तर : चित्र काढता येत नाही, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. म्हणूनच तर चिनी लोकांनी तीन हजार वर्षांपूर्वीच निव्वळ चित्रांचा नाद सोडला.

या लिपीचा सगळ्यात जुना भरवशाचा पुरावा हाडांवर आहे. हनान प्रांतातल्या आन्यांगजवळ शांग राजवंशाची राजधानी होती. तिथले शेतकरी जमिनीतून निघणारी जुनी हाडं ‘ड्रॅगनची हाडं’ म्हणून औषधवाल्यांना विकत, आणि ती कुटून लोकांच्या पोटात जात. १८९९ साली वांग यिरोंग या विद्वान अधिकाऱ्याने त्यांवरच्या खुणा ही जुनी लिपी आहे, हे ओळखलं. आजवर सुमारे दीड लाख तुकडे हाती लागले आहेत. आधी किती अक्षरं काढ्यात गेली, कुणास ठाऊक!

ही हाडं होती कौल लावण्यासाठी. कासवाच्या पोटाकडचं कवच किंवा बैलाच्या खांद्याचं रुंद हाड घ्यायचं, मागून ओळीने खळगे कोरायचे आणि त्यांत काहीतरी तापवून टेकवायचं. पुढच्या बाजूला तडा गेला की तो पाहून कौल सांगायचा. मग प्रश्न काय होता, दिवस कोणता, राजा काय म्हणाला आणि कधीकधी पुढे काय घडलं, हेही शेजारी कोरून ठेवायचं. इ.स.पू. १२५०च्या सुमारास वू डिंग राजाने राणी फू हाओच्या बाळंतपणाबद्दल लावलेला कौल प्रसिद्ध आहे. अमुक दिवशी सुटका झाली तर शुभ, असं राजाने सांगितलं. राणी ३१ दिवसांनी भलत्याच दिवशी बाळंत झाली, आणि निकाल कोरलाय तो असा, की चांगलं झालं नाही, मुलगी झाली. ही राणी स्वतः सैन्य घेऊन लढाईवर जाणारी होती, तरीही!

हाडांवरची लिपी पाहिली तर ती नवशिकी वाटत नाही. घोडा, डुक्कर, वाघ तिथे शेपटीवर उभे दिसतात, पाय हवेत एका बाजूला. बांबूच्या अरुंद पट्ट्यांवर वरून खाली लिहायची सवय आधीच जडली होती, त्यात आडवा घोडा मावणार कसा? ‘ग्रंथ’ या अर्थाचं त्या काळचं अक्षर म्हणजे दोरीने ओवलेल्या पट्ट्याच आहेत. बांबू कुजला, हाडं राहिली.

आता तुमचे तीन शब्द. ‘ये’ला चित्र नव्हतं, पण त्याचा उच्चार गव्हाच्या एका जुन्या नावासारखा होता. तेव्हा गव्हाच्या रोपाचं चित्र ‘ये’साठी उसनं घेतलं. ‘दहा हजार’साठी अशाच उच्चारसाम्यामुळे विंचवाचं चित्र कामाला आलं. माझ्या मते चिनी लिपीचा खरा जन्म इथे झाला. त्याआधी होती ती चित्रकला.

उसनवारीने घोटाळे मात्र झाले. वाचणाऱ्याने गहू समजायचं की ‘ये’? तोड अशी निघाली, की उच्चार सांगणाऱ्या चिन्हाला अर्थाची जात सांगणारं दुसरं चिन्ह जोडायचं. ‘मा’ म्हणजे घोडा. त्याला ‘स्त्री’ जोडली की आई. आईचा घोड्याशी संबंध फक्त उच्चारापुरता. आजच्या अक्षरांत ८० टक्क्यांहून अधिक या जातीची आहेत. तुमच्या ‘म्हणून’च्या जवळचं एक अक्षर तर फार गमतीचं आहे. ‘रान’ म्हणजे जळणं. त्याच्या तळाशी आगीचे चार ठिपके होते. ते अक्षर ‘असं, तसं’ या अर्थासाठी उसनं गेलं, मग जळण्यासाठी डावीकडे आणखी एक आग जोडावी लागली. आता त्या अक्षरात दोन ठिकाणी जाळ आहे.

इ.स.पू. २२१मध्ये छिन सम्राटाने देश एक केला तेव्हा प्रांतोप्रांतीची वळणं मोडून एकच वळण लादलं. पुढे हान काळात कारकुनांच्या घाईने गोलाई गेली, रेघा सरळ झाल्या आणि चित्र ओळखू येईनासं झालं. इ.स. १००च्या सुमारास शू शन याने ९,३५३ अक्षरांची फोड करणारा कोश सिद्ध केला. माणूस मोठा, पण आन्यांगची हाडं त्याच्या काळी जमिनीखाली होती. ‘करणे’ या अक्षरात त्याला माकडीण दिसली. हाडांवर पाहिलं तर हत्तीला धरून नेणारा हात निघाला! तेव्हा हनानमध्ये हत्ती होते.

मुळाक्षरांचं म्हणाल, तर ती चिन्यांना ठाऊक नव्हती असं नाही. बौद्ध भिक्षूंबरोबर ध्वनींची भारतीय मांडणी तिथे पोचली होती, आणि थांग काळाच्या अखेरीस चिनी व्यंजनांचे तक्ते उच्चारस्थानानुसार, आपल्या वर्गांच्या धर्तीवर, लावले गेले. जपानी काना अक्षरांचा अ, इ, उ, ए, ओ आणि मग क, स, त, न हा क्रमही याच भारतीय मांडणीतून आलेला. अडचण चिनी भाषेची होती. आजच्या प्रमाण चिनीत सूर सोडले तर जेमतेम चारशे वेगळे उच्चार आहेत. चाओ युएनरन या भाषापंडिताने जुन्या चिनीत एक गोष्ट लिहिली, सिंह खाणाऱ्या कवीची. तिच्यातला प्रत्येक शब्द ‘शि’! डोळ्यांनी वाचली तर कळते, ऐकली तर नुसती शिट्टी. शिवाय कँटनचा आणि पेकिंगचा माणूस एकमेकांचं बोलणं समजू शकत नाहीत. अक्षरं मात्र दोघांची एकच.

तरीही विसाव्या शतकात लू शुनसारखे लेखक या अक्षरांवर उठले होतेच. सरकारने मधला मार्ग काढला. १९५६मध्ये रेघा कमी केल्या, १९५८मध्ये उच्चारासाठी रोमन पिनयिन आणलं. १९७७ची दुसरी कपात लोकांना रुचली नाही, ती १९८६मध्ये मागे घ्यावी लागली. पहिल्या कपातीत ‘प्रेम’ या अक्षरातलं ‘हृदय’ गेलं, याबद्दल तैवानवाले अजून टोमणे मारतात. पण ‘ढग’ या अक्षरावरचा ‘पाऊस’ काढला, तेव्हा उरलं ते त्याचं मूळचंच रूप होतं. पाऊस मागाहून चिकटवलेला होता.

रोजच्या वाचनाला सुमारे ३,५०० अक्षरं पुरतात. मोबाईलवर बहुतेक लोक पिनयिनमध्ये उच्चार टाइप करतात आणि समोर आलेल्या यादीतून अक्षर निवडतात. त्यामुळे कागदावर लिहायची वेळ आली की चांगली शिकलेली माणसंही ‘शिंक’ लिहिताना अडतात.