शोधनिबंध: किती दिवस, किती पैसे, कशासाठी?

2019 मध्ये टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ नव्या मुलखाच्या शोधात निघाला. गळ्यात रेडिओ कॉलर असल्यामुळे त्याचा माग लागत गेला. यवतमाळ जिल्ह्यातली कापसाची वावरं, पैनगंगेपलीकडचा आदिलाबाद, मग मराठवाडा असं फिरत तो वर्षअखेरीस बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. एकूण चाल तीन हजार किलोमीटरच्या वर भरली. वर्तमानपत्रांनी ही बातमी तेव्हाच चवीने छापली. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांचा त्यावरचा शोधनिबंध मात्र ‘इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन’ या शोधपत्रिकेत आला तो 2022 मध्ये.

बातमी आणि शोधनिबंध यांच्यामधलं हे अंतर विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या पालकांनी नीट पाहायला हवं. वाघ कुठून कुठे गेला एवढं सांगितलं की बातमीचं काम झालं. शोधनिबंधाला पुढचं सांगावं लागतं: तो कोणत्या वेगाने चालला, दिवसा की रात्री, वस्तीजवळ त्याची चाल बदलली का, आणि हे म्हणायला आधार काय. नोंदी तपासणं, गणित मांडणं, लिहिणं, अनोळखी समीक्षकांच्या शंकांना उत्तरं देणं यात महिने जातात, कधी वर्षं. त्यामुळे मोबाइलवर “सात दिवसांत पेपर प्रसिद्ध, सोबत प्रमाणपत्र” असा मेसेज आला, तर त्याची किंमत काय ते वेगळं सांगायला नको.

तरीही असे मेसेज चालतात, कारण घराघरांत धास्ती आहे. “पेपर नसला तर पीएचडी मिळत नाही म्हणे”, “बाहेरच्या विद्यापीठात पेपरशिवाय विचारत नाहीत म्हणे” अशी वाक्यं कॉलेजच्या फाटकापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत ऐकू येतात. यातलं ‘म्हणे’ तपासून घ्यावं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमावलीने पीएचडीचा प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापण्याची देशपातळीवरची सक्ती काढून टाकली. एखाद्या विद्यापीठाची स्वतःची अट असू शकते. ती त्या विद्यापीठाच्या अध्यादेशात वाचावी, मित्राच्या स्टेटसवर नव्हे. पदवीच्या विद्यार्थ्याला तर शोधनिबंध लागतच नाही. चार वर्षांच्या पदवीत ‘संशोधनासह ऑनर्स’ हा मार्ग आहे. आयोगाच्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के किंवा अधिक गुण मिळवणाऱ्याला तो घेता येतो. तिथेही अपेक्षा आहे ती संशोधन प्रकल्पाची आणि प्रबंधिकेची.

मग धडपड करायची कशासाठी? प्राध्यापकी, प्रयोगशाळा, वैद्यकीय संशोधन, वन्यजीव, धोरण अभ्यास या वाटांवर पुढेमागे हे काम करावंच लागतं, आणि ते लवकर शिकलेल्याला त्याचा फायदा होतो. ज्याला स्पर्धा परीक्षा द्यायची आहे किंवा घरचा धंदा सांभाळायचा आहे, त्याने केवळ बायोडाटा भरायला या फंदात पडू नये. हे स्पष्ट सांगणारे शिक्षक कमी भेटतात.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. यवतमाळ जिल्ह्यात काही भागांत भूजलात फ्लोराइड जास्त आढळतं. समजा, रसायनशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने आपल्या तालुक्यातल्या विहिरींचं पाणी तपासायचं ठरवलं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत चालतं. दुसरा स्रोत नसेल तर 1.5 मिलिग्रॅमपर्यंत. तिने तीस विहिरींचे नमुने घेतले, आकडे काढले, तक्ता केला आणि थेट ‘प्रस्तावना’ लिहायला बसली. ‘पाणी हे जीवन आहे’पासून सुरू झालेली ही प्रस्तावना चार पानं चालते. संपादक ती पहिल्या परिच्छेदात सोडून देतो.

लिहिण्याचा क्रम उलटा असतो. आधी तक्ते आणि आलेख, कारण सांगण्यासारखं काय आहे ते तिथेच कळतं. मग कार्यपद्धती: विहिरी कशा निवडल्या, किती खोल, नमुने पावसाळ्यापूर्वी घेतले की नंतर, बाटली कशी धुतली, कोणत्या उपकरणावर मोजलं, उपकरणाची तपासणी कशी केली. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एखाद्याला हेच काम पुन्हा करता आलं पाहिजे, इतकं हे बारीक लिहायचं. त्यानंतर निष्कर्ष आणि चर्चा. प्रस्तावना शेवटाकडे, आणि साधारण दोन-अडीचशे शब्दांचा सारांश सर्वांत शेवटी. पण मेहनत त्याच्यावर सर्वांत जास्त, कारण बहुतेक वाचक तेवढंच वाचतात. शीर्षकातून तालुका, हंगाम आणि काय मोजलं हे कळलं म्हणजे झालं.

शोधपत्रिका कोणती, हे लिहून झाल्यावर नव्हे तर लिहिण्याआधी ठरवावं. तिचे अलीकडचे दोन-तीन अंक वाचावेत. आपल्यासारखा विषय तिथे येतो का, ते पाहावं. ‘लेखकांसाठी सूचना’ हे पान छापून भिंतीला लावावं, कारण शब्दमर्यादा, संदर्भ देण्याची पद्धत, आकृत्यांचा आकार सगळं त्यात असतं. सूचना न पाळल्यामुळे समीक्षकापर्यंत न पोचताच परत येणारे लेख पुष्कळ. एका वेळी एकाच पत्रिकेकडे पाठवायचं, हा नियम कडक आहे. पाच ठिकाणी अर्ज टाकून ठेवण्याची सवय इथे अंगाशी येते.

माणसांशी संबंधित अभ्यास असेल तर आणखी एक पायरी आहे आणि ती चुकली की सगळं मुसळ केरात. 2017 मध्ये यवतमाळात कीटकनाशक फवारताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, काहींचे जीव गेले. फवारणी करणारे आज हातमोजे-मास्क वापरतात का, हा आजही उत्तम विषय आहे. पण त्यांना प्रश्न विचारण्याआधी संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी हवी. माहिती गोळा झाल्यावर मागच्या तारखेची मंजुरी मिळत नाही. वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणच्या एमबीबीएसच्या मुलांसाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) अल्पकालीन विद्यार्थी संशोधन योजना आहे. दोन महिन्यांच्या त्या कामात ही शिस्त हाताखालून जाते.

लेख पाठवल्यावर तीनपैकी एक उत्तर येतं: नाकारला, दुरुस्त करा, किंवा क्वचित, जसाच्या तसा स्वीकारला. ‘दुरुस्त करा’ हे पत्र वाचून मुलं रडकुंडीला येतात. खरं तर ती चांगली बातमी असते. आपल्या विद्यार्थिनीला समीक्षक विचारेल: “तीस विहिरी सोयीच्या म्हणून घेतल्या की चिठ्ठ्या टाकून?” सोयीच्या घेतल्या असतील तर तसं कबूल करून अभ्यासाच्या मर्यादांत लिहायचं. उत्तराचं पत्र मुद्द्यागणिक लिहायचं: समीक्षकाचं वाक्य, खाली आपलं उत्तर, त्याखाली कोणत्या पानावर कोणत्या ओळीत काय बदललं. पटत नसेल तर सभ्यपणे, पुराव्यानिशी तसं सांगता येतं. नाकारलेला लेखही दुरुस्त करून दुसरीकडे पाठवायचा असतो.

पैशाचा प्रश्न पालक हळूच विचारतात, आणि तो रास्त आहे. शुल्क घेणारी प्रत्येक पत्रिका बनावट नसते. वाघाचा निबंध ज्या पत्रिकेत आला ती सर्वांना मोफत वाचता येते आणि प्रकाशनाचं शुल्क लेखकांच्या बाजूने घेते. असं शुल्क बहुधा संस्था किंवा प्रकल्प भरतो, विद्यार्थ्याचे वडील नव्हेत. अनेक चांगल्या पत्रिका लेखकाकडून काहीच घेत नाहीत. फसवणूक असते ती परीक्षण न करता पैसे घेण्यात.

हा बाजार किती माजला होता, हे पुण्यातूनच उघड झालं. तिथले संशोधक भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोगाच्या ‘मान्यताप्राप्त’ यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने शिरलेल्या 1009 पत्रिका तपासल्या. प्राथमिक निकषांत 112 उतरल्या. हा अभ्यास मार्च 2018 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये छापून आला, आणि त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने 4305 पत्रिका यादीतून काढल्या. पुढे आयोगाची ‘केअर’ ही निवडक पत्रिकांची यादी आली. फेब्रुवारी 2025 मध्ये आयोगाने तीही बंद केल्याचं जाहीर केलं आणि निवडीची जबाबदारी संस्थांवर टाकली. म्हणून “आमची पत्रिका केअर लिस्टेड आहे” असं आज कुणी सांगत असेल तर तो जुना शिक्का दाखवतो आहे. आयएसएसएन क्रमांकही दर्जा सांगत नाही, तो नुसता नोंदणी क्रमांक. संपादक मंडळातल्या दोन जणांची नावं त्यांच्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधावीत. दहा मिनिटांत बरंच कळतं.

दुसऱ्याच्या मजकुराच्या उसनवारीबद्दल थोडक्यात. आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. पण टक्के कमी करायला शब्द फिरवणं म्हणजे संशोधन नव्हे. समीक्षकाला ते चटकन दिसतं. एआयकडून भाषा सुधारून घेतली तर तसं नमूद करावं. त्याला लेखक म्हणून नाव देता येत नाही. आणि ज्यांनी काम केलं नाही त्यांची नावं ‘मान म्हणून’ घालण्याची आपल्याकडची रीत सोडलेली बरी, मग ते कितीही मोठे सर असोत.

“आपल्या इकडून कोण छापणार?” या शंकेला विदर्भानेच उत्तर दिलं आहे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली. 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळले. हा निबंध 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. दहा वर्षांनी, 1999 मध्ये, घरच्या घरी नवजात बाळाची काळजी या त्यांच्या प्रयोगाचा निबंधही तिथेच आला. मोठं शहर, मोठी इमारत यांपैकी काही त्यांच्या पाठीशी नव्हतं. प्रश्न मात्र खणखणीत होता.

कला शाखेच्या मुलांनी स्वतःला यातून वगळू नये. यवतमाळात वकिली करणाऱ्या यशवंत खुशाल देशपांडे यांनी महानुभाव पोथ्यांचा अभ्यास केला, शारदाश्रम ही संस्था उभी केली आणि 1925 मध्ये ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. आजही केळापूर, झरी जामणीकडच्या कोलामी बोलीवर, लोकगीतांवर, बाजारांच्या इतिहासावर काम करायला भरपूर वाव आहे. मराठीत लिहायचं तर मराठी अभ्यास परिषदेचं ‘भाषा आणि जीवन’ किंवा वाईचं ‘नवभारत’ यांचे जुने अंक आधी वाचावेत.

वाचायला मिळत नाही, ही तक्रारही आता थोडी कमी व्हावी. जानेवारी 2025 पासून ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ योजनेखाली सरकारी उच्चशिक्षण संस्थांना सुमारे 13,000 शोधपत्रिका खुल्या झाल्या आहेत. आपलं महाविद्यालय त्यात येतं का आणि लॉगिन कसं करायचं, हे ग्रंथपालांना विचारावं. पालकांनी एवढंच करावं: पैसे मागणारा मेसेज आला, तर ते भरण्याआधी तो त्याच ग्रंथपालांना किंवा गाईडला दाखवावा.