घराची वेस आणि इंटरनेट



जुन्या करारातील नहेम्याच्या पुस्तकात यरुशलेमच्या तटबंदीची हकीकत आहे. शत्रूंच्या धमक्या सोसत लोकांनी पडका तट अवघ्या ५२ दिवसांत उभा केला. आपण बहुधा ही गोष्ट इथेच संपवतो. पण सातव्या अध्यायाच्या सुरुवातीला नहेम्या आणखी काही करतो. वेशींना दारे बसवल्यावर तो द्वारपाळ नेमतो, दारे कधी उघडायची आणि कधी लावायची ते ठरवून देतो आणि नगरातील रहिवाशांनाच पहाऱ्यावर बसवतो. काहींना नेमलेल्या ठिकाणी, काहींना स्वतःच्या घरासमोर. तट पुरा झाला म्हणून तो निर्धास्त झाला नाही.

घरातील इंटरनेटला फिल्टर, म्हणजे चाळणी, लावण्याचा विषय आम्ही या रविवारी घेत आहोत तो याच उताऱ्याच्या आधारे. पालकांशी बोलताना आम्हाला दोन तऱ्हेची उत्तरे मिळतात. काही म्हणतात, "आम्ही लॉक टाकलंय, आता काळजी नाही." काही म्हणतात, "कसलं लॉक नि काय, आजची पोरं आपल्या दहा पावलं पुढे आहेत, काही उपयोग नाही." दोन्ही उत्तरे एकमेकांच्या उलट दिसतात, पण परिणाम एकच होतो. घरासमोर पहाऱ्याला कुणी उरत नाही.

या बाबतीत ख्रिस्तसभा अलीकडे जागी झाली असे नाही. फेब्रुवारी २००२ मध्ये व्हॅटिकनच्या सामाजिक संपर्क माध्यमांच्या परिषदेने इंटरनेटविषयी दोन दस्तऐवज प्रसिद्ध केले. त्यांपैकी एकात पालकांना सांगितले आहे की, परवडत असेल आणि शक्य असेल तर मुलांच्या कॉम्प्युटरला फिल्टर लावा, मुलांना देखरेखीविना इंटरनेटवर सोडू नका आणि तिथे ती काय पाहतात, काय अनुभवतात याविषयी त्यांच्याशी बोला. फिल्टर, देखरेख आणि संवाद ही तिन्ही कामे तिथे एकत्रच सांगितली आहेत. आपण त्यातले पहिले तेवढे लक्षात ठेवतो, कारण ते एकदा करून मोकळे होता येते.

तेव्हाचा काळ वेगळा होता हेही खरे. घरात कॉम्प्युटर असलाच तर तो हॉलमध्ये, झालर लावलेल्या कापडाखाली असे. नाहीतर स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत तासावर पैसे मोजावे लागत. येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर हेच निम्मे फिल्टर होते. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि डेटा स्वस्त झाला. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तर शाळाच मोबाईलवर भरू लागली; "दहावीपर्यंत मोबाईल नाही" असे ठरवलेल्या घरांनाही तो द्यावा लागला. हॉलमधला कॉम्प्युटर कुणी पांघरुणात नेत नव्हते. मोबाईल तिथे जातो.

त्यात आपल्या वसईतील घरांची घडी. आई-वडील सकाळची लोकल पकडून मुंबईला जातात आणि दिवेलागणीनंतर परततात. काही घरांत वडील जहाजावर किंवा आखातात असतात. दुपारभर मूल आजीच्या ताब्यात, आणि आजीचा मोबाईल मुलाच्या ताब्यात.

आता फिल्टर नेमके काय करतो ते समजून घेऊ. आपण एखाद्या वेबसाइटचे नाव टाकतो तेव्हा मोबाईल आधी एका मोठ्या डिरेक्टरीत त्या नावाचा नंबर शोधतो. या डिरेक्टरीला डीएनएस म्हणतात. जी डिरेक्टरी अश्लील वेबसाइटचे नंबर द्यायलाच नकार देते ती झाली फिल्टर असलेली डिरेक्टरी. क्लाउडफ्लेअर या कंपनीने एप्रिल २०२० मध्ये कुटुंबांसाठी अशी मोफत सेवा सुरू केली. वाय-फायच्या राऊटरच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी १.१.१.३ आणि त्याखाली १.०.०.३ हे आकडे भरले की त्या वाय-फायवरील मोबाईल, लॅपटॉप, टीव्ही सर्वांना ती चाळणी लागू होते. हे काम दहा मिनिटांचे आहे. सेटिंग उघडत नसेल तर कनेक्शन बसवून देणाऱ्या माणसाकडून करून घ्यावे. त्याच वेळी राऊटरचा मूळ पासवर्डही बदलून घ्यावा, नाहीतर घरातील आठवीचा विद्यार्थी संध्याकाळपर्यंत सर्व पूर्ववत करून ठेवील.

पण या डिरेक्टरीला केवळ वेबसाइटचे नाव कळते, आत काय चालले आहे ते कळत नाही. यूट्यूब उघडायला तिची हरकत नसते, मग आत कोणता व्हिडिओ लागला हे तिला ठाऊक नाही. व्हॉट्सॲपवर मित्राने पाठवलेली क्लिप तिच्यासमोरून निघून जाते. मुलाने वाय-फाय बंद करून सिमवरचा डेटा सुरू केला, किंवा व्हीपीएन नावाचे ॲप टाकले, की आपला तट बाजूला राहतो. सरकारलाही हाच अनुभव आला आहे. उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या आदेशानंतर ८२७ अश्लील वेबसाइट बंद करण्याचे फर्मान निघाले; त्यांतील बड्या वेबसाइटने लगेच नाव किंचित बदलून नवा पत्ता घेतला.

म्हणून दुसरी चाळणी मुलाच्या मोबाईलमध्येच हवी. अँड्रॉइडवर गूगलचे फॅमिली लिंक आहे, आयफोनमध्ये स्क्रीन टाइम आहे. दोन्ही मोफत. फॅमिली लिंकने पालकाला आपल्या मोबाईलवरून ठरवता येते की मुलाने कोणते ॲप घ्यावे, दिवसाला किती वेळ बसावे आणि रात्री मोबाईल किती वाजता बंद व्हावा. जहाजावरच्या वडिलांनाही नेटवर्क मिळेल तेव्हा हे करता येते. मुलाने कुणाला काय लिहिले ते मात्र यात दिसत नाही, आणि आमच्या मते ते बरेच आहे. मुलाची पत्रे फोडून वाचणारे घर आपल्याला नको आहे.

इथे एक गोष्ट जरा स्पष्ट बोलायला हवी. मुलाचे खाते उघडताना जन्मसाल विचारतात. तेरा वर्षांखालील मुलाला इन्स्टाग्रामचे नियम खाते देत नाहीत, म्हणून साल मागे ढकलले जाते, आणि पुष्कळदा ते आई-वडीलच ढकलतात. मग दहा वर्षांचे लेकरू कागदोपत्री पंचविशीचे होते आणि वयावर आधारलेली सगळी संरक्षणे आपोआप गळून पडतात. इन्स्टाग्रामने अठरा वर्षांखालील मुलांसाठी केलेली खास खाती फेब्रुवारी २०२५ पासून भारतातही आली. त्यांत खाते आपोआप खासगी राहते, अनोळखी माणसाला थेट निरोप पाठवता येत नाही आणि सोळा वर्षांखालील मुलाला हे नियम पालकांच्या संमतीविना सैल करता येत नाहीत. पण जन्मसाल खोटे असेल तर यांतले काहीही लागू होत नाही. आठवी आज्ञा आपण मुलांना पाठ करून घेतो; मुलाच्या पहिल्या खात्यावर आपल्याच हाताने खोटे लिहिले तर ते मूल त्यातून काय शिकेल?

हॉलमधला टीव्हीही विसरू नये. मालिका-चित्रपट दाखवणाऱ्या ॲपनी वयानुसार वर्गवारी करावी आणि १३ वर्षांवरील वर्गापासून पुढे पालकांसाठी कुलपाची सोय ठेवावी असा नियम केंद्र सरकारने २०२१ मध्ये केला. कुलूप आहे, पण पिन आपणच घालायचा असतो.

एवढे सर्व केल्यावरही काही ना काही आत येणारच. आम्हाला खरी काळजी वाटते ती त्यापुढची. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला एका अनोळखी मुलीच्या नावाने मैत्रीची विनंती येते. गोड बोलणे होते, फोटोंची देवाणघेवाण होते, एखाद्या रात्री तो स्वतःचा नको तसा फोटो पाठवून बसतो. पाच मिनिटांत भाषा बदलते: "पैसे पाठव, नाहीतर हा फोटो तुझ्या सगळ्या मित्रांना आणि आईला जाईल." पलीकडे मुलगी नसतेच, धंदा करणारी टोळी असते. मुलींच्या बाबतीत पैशांऐवजी आणखी फोटोंची मागणी होते. या सापळ्यात सापडलेल्या मुलांनी जीव दिल्याच्या घटना जगभर घडल्या आहेत.

त्या रात्री ते मूल काय विचार करते? "पप्पांना कळलं तर मारतील. मम्मी मोबाईल काढून घेईल. शेजारी कळेल, चर्चमध्ये कळेल." टोळीची सारी मदार याच भीतीवर असते. घरात यापूर्वी प्रत्येक चुकीला मोबाईल जप्त हीच शिक्षा झाली असेल, तर आपण नकळत त्या टोळीचे काम सोपे करून ठेवले आहे. म्हणून आमचा आग्रह आहे की फिल्टर चोरून लावू नका. मुलाला शेजारी बसवून, त्याच्यासमोर लावा. काय अडवतो आहोत आणि का, ते सांगा. आणि त्याच बैठकीत शब्द द्या: "बाळा, यातूनही काही घाण दिसली, कुणी धमकावलं, तुझ्या हातून काही झालं, तरी आधी आमच्याकडे ये. त्यासाठी तुझा मोबाईल काढून घेणार नाही." दिलेला शब्द पाळावा लागेल, आणि ते सोपे नाही. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातील बाप आधी धावत जातो, मिठी मारतो. हिशेब मागत नाही. ही गोष्ट आपण दर तपःकाळात ऐकतो.

तसा प्रसंग आलाच तर पैसे देऊ नका; दिल्यावर मागणी वाढते. संभाषण पुसू नका, तो पुरावा आहे. मुलांसाठी १०९८ आणि पैशांच्या सायबर फसवणुकीसाठी १९३० हे क्रमांक आहेत. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर मुलांविषयीची तक्रार नाव न देताही करता येते. दुसरे असे, की लहान मुलांवरील अत्याचाराची क्लिप आली तर "गुन्हेगाराला शोधा" म्हणून पुढे पाठवण्याची सवय काही प्रौढांना आहे. हेतू चांगला असला तरी तो गुन्हा आहे. अशी सामग्री पाहणे व जवळ ठेवणे हाही गुन्हा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात स्पष्ट केले आहे.

प्रौढांचा विषय निघालाच आहे तर तो अर्धवट सोडणे बरे नव्हे. अश्लील चित्रफितींचा ओढा मुलांपुरता नाही. कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथाच्या २३५४ व्या परिच्छेदात अशा चित्रणाला गंभीर अपराध म्हटले आहे. त्यात भाग घेणाऱ्या, विकणाऱ्या आणि पाहणाऱ्या सर्वांच्याच प्रतिष्ठेला ते इजा करते. कित्येक संसारांत यामुळे अबोला आला आहे आणि पत्नी ते कुणाला सांगू शकत नाही. राऊटरवरील फिल्टरचा एक गुण असा की तो बापालाही लागतो. मुलाने "पप्पा, तुमच्या मोबाईललाही हेच आहे का?" असे विचारले, तर होकार देता यावा. सवय जडली असेल त्यांनी प्रायश्चित्त संस्काराला यावे; गरज वाटल्यास समुपदेशकाकडेही जावे. दोन्हीकडची गोष्ट बाहेर जात नाही.

पोप फ्रान्सिस यांनी ६ ऑक्टोबर २०१७ रोजी, रोममध्ये भरलेल्या डिजिटल जगातील बालकांच्या प्रतिष्ठेविषयीच्या परिषदेतील प्रतिनिधींना सांगितले होते की आपोआप चालणारे तांत्रिक उपाय आणि फिल्टर पुरेसे आहेत असे मानणे चूक ठरेल. ते आवश्यक आहेत, हेही त्यांनी मान्य केले होते. मुलांना उदाहरण द्यायचे तर संत कार्लो अकुतिस यांचे द्यावे. १९९१ मध्ये जन्मलेला हा मुलगा कॉम्प्युटरमध्ये पारंगत होता, ख्रिस्तशरीराच्या चमत्कारांची माहिती त्याने वेबसाइटवर संकलित केली आणि व्हिडिओ गेमला मात्र आठवड्याला एकच तास दिला. २००६ मध्ये, पंधराव्या वर्षी तो वारला. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ यांनी त्याला संत घोषित केले. तो एक तास त्याने स्वतःच ठरवला होता. आपला फिल्टर आज बाहेरून लागतो. मूल मोठे होईल तसा तो हळूहळू सैल करत त्याच्या हाती सोपवायचा आहे. सहावीतल्या मुलाला आणि बारावीतल्या मुलाला एकच कुलूप लावणे योग्य नव्हे.

लघु ख्रिस्ती समूहाच्या या महिन्याच्या बैठकीत नहेम्याचा सातवा अध्याय, पहिल्या तीन ओवी वाचून एवढ्यावर बोलावे: आपल्या घरात मोबाईल रात्री कुठे ठेवला जातो? आणि आपले मूल अडचणीत सापडले तर आधी कुणाकडे जाईल? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पालकांनी देऊ नये, मुलांना देऊ द्यावे.

पुढील रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर धर्मग्राम सभागृहात आपले तरुण-तरुणी फॅमिली लिंक व राऊटरची सेटिंग करून दाखवतील. येताना आपला मोबाईल, गूगल खात्याचा पासवर्ड आणि मुलांना बरोबर आणावे. राऊटर उचलून आणू नये, त्याच्या मागील स्टिकरचा फोटो पुरे. आजी-आजोबांनीही आपापला मोबाईल घेऊन यावे.