गरोदरपणातील पायांची सूज : साधी कोणती, धोक्याची कोणती?

भुसावळजवळील दीपनगर परिसरात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा दिवसांत सातव्या महिन्यानंतर गरोदर स्त्रीचे घोटे सायंकाळी सुजलेले दिसतात. वाढलेल्या गर्भाशयाचा भार मोठ्या शिरांवर पडून पायांतील रक्त वर चढण्यास विलंब लागतो. उष्म्याने त्यात भर पडते. रात्रीच्या विश्रांतीने ही सूज बहुधा उतरते.

फार काळ उभे राहू नये. पाय लोंबते ठेवून बसू नये. डाव्या कुशीवर निजावे, पायांखाली उशी घ्यावी. सुजेच्या भीतीने पाणी पिणे मात्र कमी करू नये.

परंतु चेहरा व हात एकाएकी सुजणे, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी येणे ही वाढलेल्या रक्तदाबाची लक्षणे असू शकतात. रक्तदाब १४०/९० वा अधिक भरल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे; उपचाराविना झटके येऊन माता व बालक दोघांच्याही जिवावर बेतू शकते. एकाच पायाची दुखरी सूजही दुर्लक्षू नये.

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली २०१६ पासून दरमहा ९ तारखेला शासकीय आरोग्य केंद्रांत गरोदर मातांची विनामूल्य तपासणी होते. मजुरीचा दिवस बुडतो म्हणून कोणी माता या तपासणीस मुकू नये, हे ग्रामपंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी पाहावयास हवे.