मृगाआधी पंपाला आरसीसीबी बसवा

जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर मृग लागतो. त्याआधी विहिरीवरचा पंप आणि मांगरातले वायरिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या आणि वीजगळती होताच पुरवठा तोडणारे उपकरण, म्हणजे आरसीसीबी, बसवून घ्या.

एमसीबी पुरेशी का नाही?

मालवण किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत स्टार्टरची पेटी, अर्थिंगचा पाइप आणि नटबोल्ट लवकर गंजतात. सड्यावर जांभा कातळ, खाली किनाऱ्याला कोरडी वाळू. दोन्हीकडे अर्थिंग सहजासहजी चांगले लागत नाही. समजा अर्थिंगचा रोध ५० ओहम आहे आणि मोटरच्या बॉडीत फेज उतरला. २३० व्होल्टला जमिनीत फार तर ४.६ अँपिअर प्रवाह जाईल. १६ अँपिअरची एमसीबी एवढ्याने पडत नाही. बॉडीत वीज तशीच राहते आणि ओल्या अंगाने, अनवाणी पायाने पंपाला हात लावणाऱ्याच्या जिवावर बेतते.

आरसीसीबी वेगळ्या पद्धतीने काम करते. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून पूर्ण परत येतो की नाही, हे ती सतत ताडून पाहते. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की ०.३ सेकंदाच्या आत ती पुरवठा तोडते. वरच्या उदाहरणातली गळती या मर्यादेच्या दीडशेपट आहे. म्हणून जिथे अर्थिंग कमजोर, तिथे आरसीसीबीची गरज सर्वांत जास्त.

कोणते उपकरण कुठे?

• ३० मिलिअँपिअर आरसीसीबी: माणसाच्या जीवरक्षणासाठी. घर, गोठा, मांगर आणि सिंगल फेज पंपासाठी हीच घ्या. ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किट तिला कळत नाही, त्यामुळे सोबत एमसीबी हवीच.

• आरसीबीओ: दोन्ही कामे एकाच उपकरणात. पेटीत जागा कमी असेल तर सोयीची.

• चार पोलची आरसीसीबी: थ्री फेज पंपासाठी. न्यूट्रल नसेल तर टेस्ट बटण चालेल अशी जोडणी कंपनीच्या आकृतीप्रमाणेच करून घ्या. स्टार्टरमधला सिंगल फेज प्रिव्हेंटर मोटर वाचवतो, माणसाला नाही.

• १०० किंवा ३०० मिलिअँपिअर: मुख्य पेटीत, प्रामुख्याने आगीपासून संरक्षणासाठी. शॉकपासून वाचण्यासाठी यावर विसंबू नका.

• जुनी व्होल्टेजवर चालणारी ईएलसीबी: ही फक्त अर्थच्या तारेवरचा दाब पाहते, माणसाच्या अंगातून थेट जमिनीत जाणारी गळती तिला समजत नाही. ती बदला. दुकानात आरसीसीबीलाही ईएलसीबीच म्हणतात, म्हणून खरेदी करताना ‘३० मिलिअँपिअर’ आणि आयएसआय चिन्ह स्वतः पाहा.

• सौर पंप: पॅनलकडून येणारी वीज डीसी असते. तिथे साधी आरसीसीबी चालत नाही. पंप बसवणाऱ्या कंपनीकडूनच संरक्षणाची सोय करून घ्या.

बसवल्यावर

दर महिन्याला टेस्ट बटण दाबा. उपकरण पडले नाही तर लगेच बदला. या बटणाने अर्थिंगची तपासणी होत नाही. ती वेगळी करून घ्या.

पावसात आरसीसीबी वारंवार पडू लागली तर तिला बायपास करू नका. सगळ्या एमसीबी बंद करून आरसीसीबी चढवा, मग एकेक एमसीबी चालू करा. जिच्यावर आरसीसीबी पडेल, त्या लाइनमध्ये गळती आहे. केबलचा भिजलेला जोड, उंदराने कुरतडलेली वायर, स्टार्टरमधली ओल ही नेहमीची कारणे. मोटरचे इन्सुलेशन मेगरने तपासून घ्या.

न्यूट्रलऐवजी अर्थची तार वापरून पंप चालवण्याची पद्धत जीवघेणी आहे. आरसीसीबी असेल तर पंप चालूच होणार नाही, आणि ते योग्यच आहे.

गवे आणि रानडुकरांसाठी कुंपणात लाइनची वीज सोडणे हा गुन्हा आहे. आरसीसीबी लावून ते सुरक्षित होत नाही. सौर कुंपणाचे प्रमाणित यंत्रच वापरा.

शॉक लागल्यास

आधी मेन स्विच बंद करा. तो हाताशी नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने माणसाला बाजूला करा आणि १०८ ला फोन करा. खांबावरची तार तुटून पडली असेल तर जवळ जाऊ नका, महावितरणला १९१२ वर कळवा.

सगळे एकदम जमणार नसेल तर क्रम असा ठेवा: आधी घरच्या पाण्याचा पंप, कारण तो भर पावसातही रोज चालतो; मग गोठा आणि मांगर; शेतीचा पंप दिवाळीनंतर शिंपणे सुरू करण्याआधी. तोवर शेतीच्या पंपाचा मेन स्विच बंद ठेवून फ्यूज काढून ठेवा.