दुरुस्तीचा धंदा आणि तपासणीचे मोल

घरगुती विजेच्या वस्तूंची दुरुस्ती व विक्री हा धंदा आपल्या समाजात अजून अखेरचा पर्याय म्हणूनच पाहिला जातो. मुलगा दहावी-बारावी झाला, नोकरीचे कोठे जमले नाही, की त्याला एखाद्या मिस्त्रीच्या हाताखाली बसवावयाचे, असा आपला शिरस्ता. आम्ही शाळेत विज्ञान शिकवतो. वर्गात विद्युतधारेचा धडा गिरवून गेलेली काही मुले पुढे याच धंद्यात स्थिरावलेली आम्ही पाहिली आहेत, आणि दोन वर्षांत दुकान मोडून उठून गेलेलीही पाहिली आहेत. ज्यांचे बस्तान बसले त्यांचे हात इतरांहून फार कुशल होते असे नाही. फरक हिशेबात होता आणि गिऱ्हाइकाशी बोलण्यात होता. त्याचाच विचार येथे करावयाचा आहे.

बेळगावकरांना तरी या कामात कमीपणा वाटण्याचे कारण नाही. मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकविणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी आपल्या बंधूंसह याच शहरात १८८८ साली सायकलींच्या दुकानापासून आरंभ केला. पुढे लोखंडी नांगर आला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. प्रत्येक दुकानाची किर्लोस्करवाडी होत नाही, हे उघड आहे. परंतु एका शिक्षकाला विकणे आणि दुरुस्त करणे ही कामे हलकी वाटली नाहीत, एवढे आम्हां मास्तर मंडळींनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता मूळ अडचण. मिक्सर किंवा फ्रीज यांच्या आत काय बिघडले आहे हे गिऱ्हाइकाला दिसत नाही. ते दुकानदारच सांगणार. आणि ही वस्तू आता दुरुस्त होण्यासारखी नाही असे सांगण्यात ज्याचा फायदा, तो नवी वस्तू विकणाराही तोच. वैद्याने नाडी पाहावी आणि औषधाचे दुकानही त्यानेच चालवावे, तसा हा प्रकार आहे. दुकानदार लबाड नसला तरी गिऱ्हाइकाच्या मनात पाल चुकचुकतेच. यावर उपाय एकच, तो म्हणजे तपासणीचे पैसे वेगळे, आधी सांगून आणि दरवेळी सारखेच घेणे. मग वस्तू दुरुस्त होवो, नवी घेतली जावो, की गिऱ्हाईक ती तशीच घरी घेऊन जावो.

आपल्याकडे नुसते बघण्याचे पैसे देण्यास लोक नाखूष असतात. परंतु फुकट तपासणी खरोखर फुकट नसते. तिचे मोल न बदललेल्या भागाच्या किमतीत किंवा घाईने गळ्यात मारलेल्या नव्या वस्तूत वसूल होते. हिशेब मांडून पाहू. समजा, दुकानाचे भाडे ६,००० रुपये, वीज व हत्यारांची झीज २,००० आणि संसारासाठी निदान २२,००० रुपये हवेत. एकूण ३०,०००. महिन्याचे २५ दिवस धरले तर रोज १,२०० रुपये सुटले पाहिजेत. दुकान आठ-नऊ तास उघडे असले तरी सुटे भाग आणणे, फोन, गिऱ्हाइकाशी बोलणे यांत वेळ जातो, आणि प्रत्यक्ष टेबलावर हात चालतो तो पाच तास. म्हणजे तासाला २४० रुपये, वीस मिनिटांना ८०. ज्याने हा आकडा काढलेला नाही तो मजुरी सांगताना गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहून सांगतो, आणि तेथूनच त्याची पत उतरू लागते.

उदाहरणार्थ, छताचा पंखा घेऊ. पंखा मंद फिरतो, किंवा काठीने ढकलल्याशिवाय सुरूच होत नाही, अशी तक्रार येते. प्रथम वीज बंद करून तो हाताने फिरवून पाहावा. सैल फिरत असेल तर बेअरिंगचा दोष बहुधा नसतो, कंडेन्सर उतरलेला असतो. साध्या पंख्याचा कंडेन्सर बहुधा २.५ मायक्रोफॅरडचा असतो. मीटरवर तो १.६ किंवा १.७ दाखवू लागला की दुखणे सापडले. काम वीस मिनिटांचे, आणि भाग स्वस्त. हा पंखा जळाला आहे, नवा घ्या, असे सांगून एकदा कमाई होते. पण त्या गल्लीतील इतर घरांचे काम जाते.

उलट, कधी नवी वस्तू घ्या हाच खरा सल्ला असतो. जुना पंखा सुमारे ७५ वॉट घेतो, नव्या बीएलडीसी पद्धतीचा ३० वॉटच्या आसपास. रोज १२ तास व वर्षाचे ३०० दिवस धरले तर १६२ युनिट वाचतात. जुन्या पंख्याची वाइंडिंग जळालीच असेल तर हे गणित कागदावर मांडून दाखवावे. मात्र २०२३ साली कर्नाटकात सुरू झालेल्या गृहज्योती योजनेखाली ज्यांचे बिल शून्य येते, त्यांना या बचतीतून रोख काही मिळणार नाही, हेही सांगावे. न सांगितले तर शेजारी सांगतोच.

तपासणीतही ज्ञान लागते. पुष्कळ दुकानांत सिरीज बोर्डावर १०० वॉटचा दिवा लावून वस्तू तपासतात. दिवा पूर्ण पेटला की शॉर्ट, असा ठोकताळा. मोटरच्या वस्तूला तो बराच चालतो, इस्त्रीला मात्र फसवतो. २३० व्होल्टच्या १,००० वॉट इस्त्रीचा रोध सुमारे ५३ ओहम, आणि पेटलेल्या १०० वॉटच्या दिव्याचा ५२९. दोन्ही एकामागे एक जोडले की २३० पैकी सुमारे २०९ व्होल्ट दिव्यावरच पडतात. म्हणजे इस्त्री धडधाकट असूनही दिवा जवळजवळ पूर्ण पेटतो! येथे मीटरने ओहम मोजल्यावाचून निर्णय देता येत नाही. आठवी-नववीचे हे गणित मुले परीक्षेपुरते पाठ करतात आणि विसरतात. त्याचा उपयोग येथे रोज होतो.

सर्वांत जपून करावयाचे काम गीझरचे. त्याच्या एलिमेंटची नळी गंजून फाटली की वीज पाण्यात व टाकीच्या पत्र्यावर उतरते. अर्थिंग नीट असेल तर ती जमिनीत जाते. नसेल तर नळाला हात लावणाऱ्याच्या अंगातून जाते, आणि तो ओल्या फरशीवर अनवाणी उभा असतो. आपल्या जुन्या घरांतून तीन पिनांचे सॉकेट दिसते, परंतु त्याच्या वरच्या भोकामागे पुष्कळदा तारच नसते. एमसीबी बसविली आहे, आता भय नाही, अशी अनेकांची समजूत आहे. १६ अँपिअरची एमसीबी तारा जळू नयेत म्हणून असते; माणसाचा जीव घेण्यास पुरेल एवढा प्रवाह तिला कळतही नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी लागते.

म्हणून गीझर, इस्त्री, वॉशिंग मशीन अशी धातूच्या अंगाची कोणतीही वस्तू दुरुस्तीनंतर ५०० व्होल्टच्या मेगरवर तपासावी. विजेच्या दोन्ही तारा एकत्र करून त्या आणि पत्रा यांमधला रोध पाहावा. तो २ मेगाओमहून कमी आला तर वस्तू दुकानाबाहेर जाऊ देऊ नये, असे आमचे मत आहे. गीझर बसवावयास गेल्यावर अर्थिंग नाही असे आढळले, तर जोडणी करू नये. गिऱ्हाईक रागावेल, दुसऱ्याला बोलावील. बोलावू द्यावे.

जुन्या वस्तू विकत घेऊन, दुरुस्त करून विकणे हा या धंद्याचा दुसरा हात. यात नफा बरा असतो, आणि जबाबदारीही. २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जुनी किंवा दुरुस्त केलेली वस्तू नवी म्हणून विकणे आणि बिल न देणे, हे दोन्ही अनुचित व्यापारात मोडते. तेव्हा बिलावर ‘जुनी, दुरुस्त केलेली’ असे स्वच्छ लिहावे, बदललेल्या भागांची नावे लिहावी, आणि दुरुस्तीत काढलेला जुना भाग पिशवीत घालून गिऱ्हाइकाला परत द्यावा. कित्येकजण तो तेथेच टाकून जातात, परंतु आपल्याला तो दाखविला याची आठवण ठेवतात.

फ्रीजच्या बाबतीत कॉम्प्रेसरवरील पट्टी वाचल्याखेरीज नळीला हात लावू नये. त्यात आर-१३४ए असेल तर तो पेटत नाही, पण हवेत सोडल्यास कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून अधिक तापकारक ठरतो. आर-६००ए असेल तर तो आयसोब्युटेन, म्हणजे सरळ जळणारा वायू. दोन्ही प्रकारांना गॅस भरणे असे एकच नाव असल्यामुळे नवशिका फसतो. दुसऱ्या प्रकारात आधीचा वायू पूर्ण काढून, नायट्रोजन फिरवून, दारे-खिडक्या उघडल्यावाचून ज्योत पेटविणे म्हणजे अपघाताला बोलावणे होय.

शिकण्याची सोय दूर नाही. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन आणि रेफ्रिजरेशन व एअर कंडिशनिंग मेकॅनिक हे दोन्ही अभ्यासक्रम दोन वर्षांचे असून दहावी उत्तीर्णांस प्रवेश मिळतो. मुलींनाही मिळतो, आणि टेबलावरचे बारीक काम त्यांना चांगले साधेल याविषयी आम्हांस शंका नाही. दुकान काढताना उद्यम नोंदणी इंटरनेटवर विनामूल्य होते; तिच्यासाठी पैसे मागणाऱ्या दलालास वाट दाखवावी. दुरुस्ती आणि विक्री दोन्ही करणाऱ्यास वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत साधारणतः जीएसटीची नोंदणी लागत नाही. तथापि वह्या दोन ठेवाव्या, एक मजुरीची आणि एक मालाची. एकाच वहीत दोन्ही लिहिणाऱ्यास दिवाळीत गल्ला भरलेला दिसतो, पण तो मालाचा की मेहनतीचा हे कळत नाही.

आणि काम वर्षभर सारखे नसते. एप्रिल-मेमध्ये फ्रीज व कूलर, पावसात ओल धरलेल्या मोटरी, थंडीत गीझर. मिक्सरचे दुखणे मात्र रमजान, गणपती आणि दिवाळी या तिन्हींच्या तोंडावर एकदमच वर येते, तेव्हा कार्बन, कपलर व बुश महिनाभर आधी भरून ठेवावे. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळते. त्या पैशातून आधी चांगला मीटर, क्लॅम्प मीटर आणि मेगर घ्यावा, मग सुट्या भागांचा साठा. काचेची कपाटे आणि दिव्यांची पाटी दुसऱ्या वर्षी आली तरी चालते.