‘चोवीस’ म्हणणारा मुलगा

चि. सोनूस,


शाळकरी मुलांच्या वाचोपचाराचं काम मिळालं, छान झालं. अडखळणाऱ्या मुलाला पहिल्या दिवशी काय शिकवू, असं विचारलंयस. काहीच नको. गप्पा मार. तुझ्यापर्यंत येईस्तोवर त्याच्या जिभेला वेखंड लावून झालेलं असतं. ‘हळू बोल’, ‘श्वास घे’ तर रोजचंच. तूही तेच म्हणालीस, तर शेजारच्या काकूंनी काय वाईट केलं होतं?

तोतरेपणा बहुधा 2 ते 5 वर्षांच्या वयात सुरू होतो आणि चारातल्या साधारण तिघांचा पुढे निवळतो. दहाव्या वर्षी तुझ्यासमोर बसलेलं पोर उरलेल्यांतलं असतं. ‘पूर्ण बरा करते’ असा शब्द त्याच्या आईला देऊ नकोस.

किती वेळा अडखळला ते मोज, अहवालाला लागतं. पण लपवलेलं त्या आकड्यात येत नाही. माझ्याकडे चौथीतला एक मुलगा यायचा. ‘पंचवीस’ म्हणायला गेला की ‘प’वर ओठ घट्ट मिटायचे, म्हणून बाईंनी पाच पंचे विचारलं की हा सरळ ‘चोवीस’ म्हणून मोकळा. वर्गाबरोबर पाढे मात्र घडाघडा म्हणे. एका सुरात म्हणताना सहसा अडत नाहीच, पण बाईंना ते नाटक वाटायचं. अडखळणं कुणाला दिसलंच नाही; गणित कच्चं ठरलं.

अशा मुलाला न अडखळण्याचं आणखी ओझं नको. वाचोपचारतज्ज्ञ चार्ल्स व्हॅन रायपर स्वतः अडखळायचे. त्यांची रीत मला अजून पटते. शब्द अडला की पळायचं नाही, अडलेल्या जागीच ओठ सैल सोडत बाहेर यायचं. हे शिकवण्याआधी तू स्वतः वाण्याच्या दुकानात मुद्दाम अडखळून साखर माग. मागच्या गिऱ्हाइकाची चुळबुळ पाठीला जाणवेल. मग मुलाबरोबर तोच खेळ खेळ. तू जास्त अडखळ, त्याला तुझ्या चुका काढू दे.

तुझ्या खोलीत तो छान बोलेल, त्यावर भुलू नकोस. सहामाहीच्या तोंडी परीक्षेआधी शाळेत जाऊन ये. बाईंना काय सांगायचं, काय नाही, हे आधी त्यालाच विचार. काहींना पहिला नंबर हवा असतो, म्हणजे वाट पाहत धडधडायला नको. काहींना बाईंसमोर एकट्यानं उत्तर द्यायचं असतं. बाई विचारतीलच, ‘अडला तर शब्द आम्ही पुरा करू का?’ नको म्हणून सांग.

तुझी,
मावशी